करंगळीच्या शेवटच्या पेरावर

हळद कुटण्याचा आवाज आला की माझे हात अजून गार पडतात. परवा खालापूरच्या अंगाला एका गावात लग्न लावायला गेले होते. मांडवाच्या दारात पाय ठेवला तर आत उखळात हळकुंडं फुटत होती, जांभळीच्या ताज्या डहाळ्यांचा तुरट वास सुटला होता, सारवलेली जमीन अजून ओली होती. माझ्यामागून माझ्या दोन मुली येत होत्या; माझ्याकडे गाणं शिकणाऱ्या, पोटच्या नव्हेत. त्या हसत आत गेल्या. मी मांडवाची मेढ धरून उभी राहिले. तिथून दोन शेतं पलीकडे एक कौलारू घर दिसत होतं. मी चौदा वर्षांची असताना त्या घराच्या ओटीवर बसले होते, आणि तिथली भीती अजून पुरती माझ्या अंगातून उतरलेली नाही.

आमच्या लोकांत लग्न भट लावत नाही, धवलारीण लावते. ती बाई गाऊन लग्न लावते. गाऊन देवांना आवतन देते, डोंगरावरच्या देवीला बोलावते, वेशीवरच्याला बोलावते, मग दोन्ही घरांचे पितर बोलावते, आणि सगळे मांडवात येऊन बसले की हळद लागते. तिसऱ्या दिवशी सकाळी मांडव उतरवायच्या आधी ती एकेकाचं नाव घेऊन त्यांना परत पाठवते. देव देवळात, देवी डोंगरावर, पितर नदीच्या काठी. ज्याला बोलावलं त्याला पाठवायलाच हवं. ज्याचं नाव राहिलं तो राहिला.

मला हे सगळं हिरूआयनं शिकवलं. हिरूआय कर्जतजवळच्या आमच्याच गावची, विधवा, पन्नाशीची, काळी आणि उंच. तिच्या अंगाला कायम तांदळाच्या कोंड्याचा वास यायचा, कारण ती मला कांडता कांडताच शिकवायची. समोरासमोर उभं राहायचं, मुसळ आळीपाळीनं पडायचं, आणि मुसळाच्या ठेक्यावर ओळ यायची. ओळ चुकली तर मुसळावर मुसळ आपटायचं आणि हाताला झिणझिण्या यायच्या. ती कधी रागावली नाही. तिला रागवायची गरजच नव्हती.

"बस नको. बसल्यावर गानं झोपतं," ती म्हणायची. "आनि माझ्या तोंडाकडं काय बघतेस? कान दे. डोलं दिल्यावर कान फुकट जातात."

नावं तिनं मला बोटांच्या पेरांवर शिकवली. उजव्या हाताच्या चार बोटांची बारा पेरं म्हणजे देव. डाव्या हाताची बारा पेरं म्हणजे पितर. अंगठा एकेका पेरावरून सरकवायचा आणि नाव घ्यायचं. शेवटचं पेर, डाव्या करंगळीचं टोकाचं, नेहमी रिकामं असायचं. तिथं आलं की ती म्हणायची, "हितं कोन नाय. नवरा बिजवर असला तरच हितं कोनतरी असतं."

"कोण?"

"त्याची पयली. मेलेली. तिला मांडवात बोलवावंच लागतं. नाय बोलवलं तर नव्या पोरीला ती बघून घेते."

मी त्या पेरावरून अंगठा भरकन काढायची. कांडताना, पाणी भरताना, कधी नकळत अंगठा तिथं गेला तरी मी हात झटकायची.

भूत नसतं, हे मला ठाऊक होतं बरं का. माझा बाप कर्जतच्या इंजिनशेडमध्ये खलाशी होता. घाटात गाडी चढवायची जादा इंजिनं तिथं उभी असत आणि आमच्या घरापर्यंत त्यांचा धापा टाकल्यासारखा आवाज यायचा. बाबा कोळशानं काळा होऊन घरी यायचा आणि त्याच्या मुंडाशात मुंबईहून आलेली छापील पत्रकं असायची. त्यावरूनच त्यानं मला अक्षरं शिकवली. भटाशिवाय लग्न लावा, पोरींना शिकवा, नवस-सायास ही लबाडी आहे, असं सगळं मी दहाव्या वर्षी घडाघडा वाचत होते. हिरूआयकडे जायला बाबानंच मला सांगितलं. त्याला वाटायचं, आमच्याकडे तर पहिल्यापासून भट नाही, हे पत्रकवाल्यांना दाखवलं पाहिजे.

"पन तो पितरांचा कारभार सोडून दे," तो म्हणायचा. "भट नको म्हनलं, म्हनून भूत चालल असं नाय."

"सोडलं तर गाण्यात उरलं काय?" आई चुलीवरून म्हणायची. "इंजिनातून पानी काढून ठेव आनि चालव तुझी गाडी."

कागद महाग, पण पत्रकांची मागची बाजू कोरी असायची. हिरूआयला न सांगता मी तिथं सगळी नावं लिहून काढली. पुढच्या बाजूला 'भुतेखेते हे थोतांड आहे' असं ठळक छापलेलं आणि मागे माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात चोवीस नावांची यादी. ते कागद मी तांदळाच्या कणगीमागे ठेवले होते.

त्या साली माघात नामीचं लग्न निघालं. नामी माझी मैत्रीण, शेजारची, बारा वर्षांची. तिच्या पुढच्या दोन दातांत फट होती आणि त्या फटीतून ती शीळ वाजवायची. नवरा खालापूरकडचा, तिशीचा, बिजवर. मी चार रात्री धड जेवले नाही. बाबानं नामीच्या बापाला बांधावर गाठून पत्रक वाचून दाखवलं. तो सगळं ऐकून म्हणाला, "अक्षर चांगलं हाय," आणि निघून गेला.

हिरूआयच्या घशाला त्या आठवड्यात सूज होती. आवतन तिनं कसंबसं गायलं. तिसऱ्या दिवशी नामीच्या सासरच्या अंगणात तिनं तांब्या माझ्या हातात दिला. "पाठवनी तू कर," ती कुजबुजली. "येतंय तुला."

येत होतं. आवाज लागला, ठेका लागला, बायका ओळी झेलू लागल्या. मांडवाच्या मेढींवर पाण्याची बारीक धार धरत मी देव पाठवले. पितरांची पाळी आली की तांब्या उजव्या हातात घ्यायचा आणि पेरं मोजायला डावा मोकळा करायचा. मी मात्र तांब्या डाव्या हातातच घट्ट धरून राहिले. पन्नास माणसं बघत होती, आणि तेवढा एक तांब्याच मला धरायला होता. नावं सवयीनं आली. एक, दोन, सात, अकरा. मग शेवटची ओळ तोंडून निघून गेली, बायकांनी अक्षता टाकल्या आणि पोरं मांडवावर चढली.

घरी आल्यावर कणगीमागचा कागद काढून मी सहज पडताळून पाहिलं. चोविसाव्या नावावर बोट ठेवलं आणि माझी बोटं दुखायला लागली, अजून तांब्या धरलेला असल्यासारखी. नवऱ्याची पहिली. तिला आम्ही बोलावलं होतं. मांडवात नामीच्या शेजारी तिचा पाट मांडला होता. आणि मी तिला पाठवलंच नव्हतं.

मी कुणाला सांगितलं नाही. कागद उलटा केला, पुढची बाजू वाचली, पुन्हा वाचली. छापलेलं सगळं खरं होतं. तरी मी घरात एकटीनं जायचं बंद केलं. फाल्गुन गेला. शिमग्याच्या ढोलांत मी कानात बोटं घालून बसले. माझ्या लेखी त्या एका महिन्याला रंग नाही, फक्त आवाज आहेत: घाट चढणाऱ्या इंजिनाची धाप, कणगीमागे उंदरानं कागद कुरतडावा तशी खसखस, आणि माझंच गाणं, अकराव्या नावापाशी येऊन थांबणारं.

चैत्रात नामीच्या आईकडे निरोप आला. नामी जेवत नाही. चुलीपाशी स्वतःच्या पाटाशेजारी एक मोकळा पाट ठेवते, दोन जागी वाढते, आणि मोकळ्या पाटाकडे बघून बोलते. लोक म्हणतात पयली लागली. परवा भगत येणार आहे. मिरच्यांची धुरी देईल, निरगुडीच्या फोकानं झोडील, मग सोडते की नाही बघू.

बाबा कामावर होता. मी धावत शेतावर गेले. हिरूआय राब भाजत होती. पेरणीआधी आमच्याकडे वाफ्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात, तो राब. निळा धूर जमिनीलगत लोळत होता आणि त्यात ती गुडघ्यापर्यंत बुडाल्यासारखी दिसत होती.

"आय, माझ्याकडून एक नाव राहिलं," मी म्हणाले.

"ठाऊक हाय."

"तुला ठाऊक होतं?"

"मी बाजूलाच हुती की गं. बहिरी झाले का मी?" तिनं काठीनं पाला ढकलला. "तू कवा सांगतेस ते बघत हुते. लई दिस लावलेस."

"मग तू का नाही पाठवलंस?"

"तुझ्या तोंडातनं ऱ्हायलं, माझ्या तोंडातनं कसं जाईल?" मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज बदलला. "आनि मला वाटलं, काय व्हायचंय. चाळीस वर्सं गाते. माझ्याकडनं काय कमी नावं ऱ्हायली? कुनाला कदी काय झालं नाय. हे पयल्यांदाच." ती भ्यायली होती. हिरूआयला भ्यायलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि ते पाहिल्यावर मला कुठं धरायला जागाच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही चालू लागलो. डावीकडे घाट होता, पळस फुलून संपत आला होता, वाटेवर त्याच्या पाकळ्या सुकलेल्या कातड्यासारख्या पडल्या होत्या. एकट्या नावाची पाठवणी करायला कुठलं गाणं आहे, असं मी तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "नाय. तसं गानंच नाय."

"मग मी काय गाऊ?"

"मला काय इचारतेस? घराला इचार. आधी गप बस, ऐक, मग तोंड उघड. एवढी वर्सं दुसरं काय शिकवलं तुला?"

नामीची सासू ओटीवर चिंचा सोलत होती. जाडजूड, पांढऱ्या केसांची, डोळे लाल. "या," ती म्हणाली. "लगीन लावलंत, आता सुपारी कशाची घ्यायला आलात? पयली लागली म्हंजे चुकलीच तुझी शागीर्द, आनि भोगतोय आमी. उद्या भगत येतोय. तो करल काय ते."

"उद्या करू दे. आज आमाला बसू दे," हिरूआय म्हणाली.

आत चुलीपाशी नामी बसली होती. गालफडं बसली होती. तिच्याशेजारी पाट होता, स्वच्छ पुसलेला. पाटावर सात-आठ चिंचोके मांडले होते. मला पाहून ती हसली, दातांतली फट दिसली, आणि मला हुंदका आला. मी पाटाला वळसा घालून पलीकडे बसले. तिनं एक चिंचोका वर उडवला, खालचे दोन उचलले, उडवलेला झेलला. मग ते सगळे मोकळ्या पाटाकडे सरकवले आणि वाट पाहत बसली.

"नामे, कोण आहे तिथं?"

"ती." नामी कुजबुजली. "हे चुलीमागच्या कोनाड्यात सापडले. तिचे हायत. ती एकटीच खेलायची. दोन्ही डाव आपनच."

"तुला भीती नाही वाटत?"

"आधी वाटायची," ती म्हणाली. "आता नाय वाटत."

ते ऐकून माझ्या पाठीवर जो काटा आला तो हे लिहिताना पुन्हा आला आहे.

मी बाहेर ओटीवर आले. सासूच्या समोर बसले, तिच्या पुढ्यातली एक चिंच घेतली आणि सोलू लागले. हात चालू असल्याशिवाय मला काही सुचत नव्हतं. मग मी विचारलं, "आई, तिचं नाव काय होतं?"

"कुनाचं?"

"पहिलीचं. गाण्यात नुसतं पयली म्हणतात. नाव काय होतं?"

सासूचे हात थांबले. "मेलेलीचं नाव घेत नाय आमी."

"मला पाठवायचं आहे तिला. हाक कशी मारू?"

हिरूआय खांबाला टेकून डोळे मिटून बसली होती. मदतीला आली नाही. म्हातारीनं चार चिंचा सोलल्या. मग खाली बघूनच म्हणाली, "रखमी." आणि एकदा नाव निघाल्यावर बाकीचं आपोआप येत गेलं, तुटक तुटक. रखमी अकराव्या वर्षी आली. चिंचा चोरायची. चिंचोके गालात लपवायची आणि विचारलं की तोंड मिटून मान हलवायची. तिला दिवस गेले तेव्हा चौदावं लागलं नव्हतं. "तिची आय आली न्यायला. कापनी चालू हुती. मी म्हनलं, कापनी होऊंदे. पंधरा दिसांनी परत आली. मी म्हनलं, झोडनी होऊंदे." म्हातारीनं हातातली चिंच टोपलीत टाकली. "कापलेल्या भातातच बसली ती पोट धरून. एवढीशी."

मी उठून आत गेले. हिरूआय मागे येऊन दारात उभी राहिली. मी उखळातलं मुसळ घेतलं आणि रिकाम्या उखळात ठेका धरला. आवाज वर चढला तो फाटका होता. पण तो थांबला नाही, आणि जी ओळ कुठंच नव्हती ती आली.

ऊठ गं रखमी, ऊठ गं बाय, पाट मोकला कर,
खेल झाला, दिस कलला, चिंचोके वटीत भर.
जा गं रखमी, जा माहेरा, आय उभी हाय दारी,
दोनदा आली न्यायाला ती, आता तुझी फेरी.

माहेर हा शब्द तोंडून गेला आणि मागे, दारापाशी, म्हातारीनं तोंडात पदर कोंबल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही. चार ओळी मी सात वेळा गायले. सातव्यांदा नामीनं चिंचोके एक एक करून उचलले आणि स्वतःच्या ओटीत भरले. मग तिनं तो पाट भिंतीला उभा करून ठेवला. माझी जीभ कोरडी पडली होती. कोणी गेलं की नाही मला दिसलं नाही. चुलीतलं लाकूड तडतडलं, एवढंच.

कर्जतच्या सभेत परवा एक गृहस्थ म्हणाले, मुलींना वाचन शिकवा, शिवण शिकवा. ही जुनी गाणी शिकवून काय साधणार? मी उठून उभी राहिले होते, पण सगळं सांगता आलं नाही, म्हणून इथं सांगते. पत्रकांनी मला खरं काय ते शिकवलं, त्यांचे उपकार मी विसरत नाही. पण नामीच्या बापाला तेच खरं वाचून दाखवलं तेव्हा त्यानं अक्षराची तारीफ केली. एका बाईनं सहा वर्षं समोर उभं राहून माझे कान तयार केले, म्हणून दुसऱ्या दिवशी एका पोरीच्या पाठीवर फोक पडला नाही. तुमच्या शाळेत अशी बाई नेमा, ढोलकीवाला नेमा, गणपती घडवणारा कुंभार नेमा. पोरांना त्यांच्याजवळ नुसतं उभं राहू द्या. भीती त्यानं जात नाही. माझी गेलेली नाही. मांडवात शिरताना मी आजही मेढ धरते. पण भ्यालेल्या माणसाला हाताशी काहीतरी करता येतं, आणि ते कुठल्या क्रमिक पुस्तकात मला अजून सापडलेलं नाही.

त्या दुपारी नामी भात जेवली. म्हातारी तिच्यासमोर बसून बघत होती. जेवण झाल्यावर तिनं नामीचं लुगडं आणि एक चोळी फडक्यात बांधली आणि गाठोडं हिरूआयच्या पुढ्यात ठेवलं.

"घेऊन जा हिला," ती म्हणाली. "अंगानं भरू दे. चार वर्सं लागू देत, पाच लागू देत."

"आनि तुझा ल्योक?" हिरूआयनं विचारलं.

"त्याला मी बघते. भगताला पन बघते."

हिरूआय नामीला घेऊन पुढं झाली. वाटेला लागताना ती मला एवढंच म्हणाली, "तिसऱ्या ओलीला आवाज लई वर घेतलास." मी वहाणा शोधत मागे रेंगाळले होते. म्हातारी उंबऱ्यात उभी होती. दोन शेतांपलीकडे नामीचं डोकं हिरूआयच्या कोपराशी हलताना दिसत होतं. म्हातारीनं माझा हात धरला. तिचा हात चिंचेनं चिकट झालेला होता.

"पोचली असंल का गं ती?" तिनं विचारलं.

ती नामीबद्दल विचारत नव्हती. माझ्या बापाचं उत्तर मला येत होतं. गाण्यातलं उत्तरही येत होतं, गेले ते आपल्या ठायी गेले. त्या दोन्हींतलं एकही त्या हाताला देण्यासारखं नव्हतं.

"अजून वाटंत असंल, आई," मी म्हणाले. "लहान हाय ना. हलू चालते."

म्हातारीनं मान डोलावली आणि माझा हात सोडला. आम्ही नदीच्या उतारापर्यंत आलो तरी तिनं दार लावलेलं नव्हतं.